‘कधी व्हिसा नाकारला गेलाय का?’

कॅनडाला स्थायिक व्हायला निघालेल्यांची मी सल्लागार, पण पहिल्या भेटीत मी कुणाचे कागद बघत नाही. मार्कशीट, पासपोर्ट, इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेचा निकाल, सगळं पिशवीतच राहू द्या म्हणते. आधी चहा, मग प्रश्न. गेल्या दहा वर्षांत परदेशात कुठे सलग सहा महिने राहिलात का? पोलीस केस? आधीचं लग्न? आणि सगळ्यात शेवटी, कुठल्याही देशाचा व्हिसा कधी नाकारला गेलाय का?

२०२२ च्या दिवाळीनंतर पिंपळे गुरवचं एक जोडपं माझ्याकडे कर्वेनगरला आलं. तो हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये, ती दंतवैद्य, मुलगा अडीच वर्षांचा. सोबत त्याचे वडील होते, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, एक शब्द न बोलता. शेवटच्या प्रश्नाला नवरा पटकन ‘नाही’ म्हणाला आणि बायकोने हातातला कप खाली ठेवला.

मी पुढे गेले नाही. त्यांना माझी एक जुनी गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी बहुतेकांना सांगते, कारण तिचं ओझं अजून उतरलेलं नाही.

२०११ मध्ये मी पुण्यातल्याच एका एजन्सीत फॉर्म भरायचं काम करत होते. वय चोवीस. कोथरूडची एक मुलगी कॅनडात शिकायला जायला निघाली होती. तिला त्याआधी ब्रिटनचा व्हिसा नाकारला होता आणि तिने ते आम्हाला स्वतःहून सांगितलं होतं. ऑफिसातले वरिष्ठ म्हणाले, ‘‘नाही’वर टिक कर, कॅनडाला ब्रिटनचं काय कळतंय.’ मी टिक केली. तीन महिन्यांनी पत्र आलं, खुलासा मागवणारं. मग दुसरं पत्र आलं, चुकीची माहिती दिल्याबद्दल बंदीचं. तेव्हा ती बंदी दोन वर्षांची असायची. २०१४ च्या नोव्हेंबरपासून ती पाच वर्षांची झाली. ती मुलगी आणि तिची आई ऑफिसात आल्या तेव्हा वरिष्ठ मीटिंगमध्ये होते. मायलेकींसमोर मी बसले. आई मला एवढंच म्हणाली, ‘अगं, तिने खरं सांगितलं होतं ना तुला?’

पुढच्या वर्षी मी स्वतः कॅनडात गेले. मिसिसागात सात वर्षं राहिले, तिथलं नागरिकत्व घेतलं, २०१७ मध्ये इमिग्रेशन सल्लागाराचा परवाना काढला आणि २०१९ मध्ये आईच्या आजारपणासाठी पुण्याला परत आले. परवाना कॅनडाचा, काम पुण्यातून. पण फॉर्मवर तो प्रश्न आला की आजही मला त्या आईचा आवाज ऐकू येतो.

गोष्ट संपली तेव्हा बायको नवऱ्याला म्हणाली, ‘सांग ना रे.’ २०१६ मध्ये कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं होतं. बीकेसीतल्या वकिलातीत खिडकीवर दोन मिनिटं प्रश्न विचारले आणि नकार. माझ्याआधी ते दुसऱ्या एकाकडे गेले होते. त्यानेही हेच सांगितलं होतं: ‘लिहू नका, अमेरिकेचा आणि कॅनडाचा काय संबंध.’ संबंध आहे. दोन्ही देश इमिग्रेशनची माहिती एकमेकांना देतात. आणि तसं नसतं तरी मी लिहिलंच असतं. नकार मिळाला म्हणून अर्ज बाद होत नाही. तो लपवला तर होतो, आणि एकट्या नवऱ्याचा नाही, सगळ्या कुटुंबाचा. हे ऐकल्यावर त्याचे खांदे सैल झाले, ते मी पाहिलं.

माझ्याकडे येणारे बहुतेक लोक भ्यायलेले असतात. कुणीतरी त्यांना सांगून ठेवलेलं असतं, अमुक लपव, तमुक वाढवून सांग. मी फॉर्म भरते, पण त्याच्याही आधी ही भीती काढावी लागते.

मग पिशवी उघडली. घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की अर्ज नवऱ्याच्या नावावर जाणार. आयटीवाला तो, पगार मोठा त्याचा. एक्स्प्रेस एन्ट्री या कॅनडाच्या अर्जपद्धतीत अर्जदाराला वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांचे गुण मिळतात आणि त्यांची क्रमवारी लागते. मी कागदावर दोन्ही बाजूंनी आकडे मांडले. तो मुख्य अर्जदार असता तर ४३५. ती असती तर ४७९. कारण असं की दंतवैद्यकाची पदवी तिथे व्यावसायिक पदवी म्हणून पदव्युत्तर शिक्षणाच्या बरोबरीने मोजली जाते, आणि ती एकोणतीस वर्षांची होती. जोडप्यात मुख्य अर्जदाराला विसाव्या वर्षापासून एकोणतिसाव्यापर्यंत वयाचे पूर्ण १०० गुण मिळतात. तीस लागली की ९५, एकतीसला ९०. ती कागदाकडे बघतच राहिली. ‘म्हणजे माझ्यामुळे?’ असं दोनदा विचारलं तिने.

त्याच बैठकीत तिला दुसरी गोष्टही सांगावी लागली, आणि ती सांगताना मला फार जड गेलं. ज्या पदवीमुळे तुला पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, मिळेल, त्या पदवीवर तिथे उतरल्यावर एकही दात काढता येणार नाही. पदवीचं मूल्यांकन वेगळं आणि प्रॅक्टिसचा परवाना वेगळा. दंतवैद्यांना तिथल्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या समकक्षतेच्या परीक्षा एकामागून एक द्याव्या लागतात. त्यात वर्षं जातात आणि पैसाही बराच लागतो. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, वकील, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने हेच. आधीच्या माणसाने तिला ‘कॅनडात डेंटिस्टला फार डिमांड आहे’ एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं, आणि या धंद्यात अर्ध्या माहितीनेच जास्त संसार विस्कटतात असं माझं मत आहे. मी म्हटलं, घरी जा, आठवडाभर विचार करा, माझी फी आज घेत नाही.

आठवड्याने तिचाच फोन आला. ‘ताई, करूया. परीक्षेचं पुस्तक इथेच घेऊन ठेवते.’

इथून पुढचे चार महिने कागदांचे. ज्यांनी केलं नाही त्यांना वाटतं, डिग्री स्कॅन केली की झालं. तिची पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, माहेरच्या नावाने, मधलं नाव वडिलांचं. पासपोर्ट सासरच्या नावाने, मधलं नाव नवऱ्याचं. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, नाव नंतर. आपल्याकडे हे सगळं एकाच बाईचं आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. ओटाव्यातल्या अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बायका दिसतात. विवाह नोंदणीचा दाखला, ‘ही आणि ती व्यक्ती एकच’ असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या कागदांवरची नावं कशी जुळतात हे सांगणारं एक पानाचं पत्र, असा जोड लावला. नवऱ्याची पदवी २०१३ ची, म्हणजे विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळण्याच्या आदल्या वर्षीची. ट्रान्सक्रिप्टसाठी त्याने गणेशखिंडीत परीक्षा विभागाच्या किती फेऱ्या मारल्या ते त्यालाच ठाऊक.

अनुभवाचं पत्र सगळ्यात अवघड गेलं. ती औंध आणि वाकडला दोन क्लिनिकमध्ये टक्केवारीवर काम करायची. पगाराची स्लिप नाही, नेमणुकीचं पत्र नाही. एका डॉक्टरांनी लेटरहेडवर ‘ही आमच्याकडे होती, स्वभाव चांगला’ असं लिहून दिलं. स्वभावाचा उपयोग नाही. कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती तास, काय काम, मोबदला किती, हे सगळं हवं. मी मसुदा करून दिला. तिने क्लिनिकच्या नोंदींवरून तास मोजले, आणि मी सांगितलं की एक तासही वाढवून लिहायचा नाही. सोबत बँकेचे उतारे लावले, कापलेल्या टीडीएसची सर्टिफिकेटं आणि आयकर विवरणपत्रं लावली. डॉक्टरांनी सही करायला तीन आठवडे घेतले, पण केली.

पैशाचा दाखला तिघांच्या कुटुंबाला त्या वेळी २०,३७१ कॅनेडियन डॉलरचा लागत होता, म्हणजे साधारण सव्वाबारा लाख रुपये. ते नुसते खात्यात दिसून चालत नाही. सहा महिन्यांची सरासरी बघतात आणि अचानक आलेल्या मोठ्या रकमेचा उगम विचारतात. काकांनी, म्हणजे नवऱ्याच्या वडिलांनी, एफडी मोडली. मी गिफ्ट डीड करायला सांगितलं, ‘परत करायची नाही’ असं त्यात स्पष्ट लिहून. काका वाचून म्हणाले, ‘बापाने मुलाला दिले, याला कागद कशाला?’ मी म्हटलं, ‘काका, कर्ज काढून आणलेत असं त्यांना वाटू नये म्हणून.’ त्यांनी सही केली. पेन ठेवताना म्हणाले, तळेगावचा प्लॉट अजून आहे, लागला तर सांगा. पैसे एवढे पुरे होते. ते कशाबद्दल बोलत होते ते मला कळलं.

प्रोफाइल जानेवारीत एक्स्प्रेस एन्ट्रीच्या तलावात, म्हणजे वाट बघणाऱ्या उमेदवारांच्या यादीत, टाकलं, ४७९ वर. तिची अजून एक खटपट चालू होती. इंग्रजीच्या परीक्षेत तिला लेखनात ७ होते, ७.५ हवे होते. अर्ध्या बँडने ३ गुण वाढतात. क्लिनिक सांभाळून, मूल झोपल्यावर ती रात्री निबंध लिहायची आणि सकाळी मला फोटो पाठवायची. फेब्रुवारीत परत परीक्षा दिली, ७.५ आले. ४८२.

२०२३ च्या मार्चमध्ये सर्वसाधारण सोडती लागोपाठ निघाल्या, प्रत्येक वेळी वरच्या गुणांच्या सात हजार जणांना अर्जाचं आमंत्रण. १५ तारखेला ४९० वर थांबली. २३ तारखेला ४८४ वर. दोन गुणांनी राहिलं. तिचा तिसावा वाढदिवस एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात होता. त्या दिवशी पाच गुण आपोआप जाणार होते, म्हणजे ४७७. मला त्या आठवड्यात झोप लागली नाही. इतर फाइलींत मी असं गुंतून घेत नाही, पण रात्री लिहिलेले ते निबंध मी वाचले होते. २९ मार्चला, बुधवारी, सोडत ४८१ वर आली. रात्री उशिरा तिचा फोन आला. बोलली काहीच नाही, नुसतं रडणं ऐकू येत होतं आणि मागे काकांचा आवाज, ‘काय झालं, काय झालं?’ एप्रिलमधल्या दोन्ही सोडती ४८३ च्या खाली आल्या नाहीत. परीक्षा परत दिली नसती, तर एवढ्या सगळ्या कागदांची रद्दी झाली असती.

आमंत्रणानंतर साठ दिवस मिळतात. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स आलं. नवरा २०१८ मध्ये आठ महिने ब्रिटनला होता, म्हणून तिथलं पोलीस सर्टिफिकेट वेगळं मागवलं. वैद्यकीय तपासणी झाली. आणि अमेरिकेच्या नकाराबद्दल चार ओळींचं पत्र लिहिलं: तारीख, ठिकाण, व्हिसाचा प्रकार, दिलेलं कारण. सफाई दिली नाही. मेच्या मध्यावर अर्ज गेला, नोव्हेंबरमध्ये मंजुरी आली. त्या पत्रावर कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

माझी फी इथे संपते. काम संपत नाही, निदान मी तरी तसं मानत नाही. मंजुरी मिळालेल्यांसाठी कॅनडा सरकारच्या खर्चाने निघण्यापूर्वीचं मार्गदर्शन मिळतं, फुकट. तरी पुण्यात लोक त्याच माहितीचे ‘सेटलमेंट पॅकेज’ म्हणून पैसे मोजतात. मी त्यांना लिंक पाठवते आणि बाकीचं फोनवर सांगते. आरटीओतून लायसन्सचा इतिहास दाखवणारा उतारा इथूनच घेऊन जा, नाहीतर तिथे वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस शिकाऊ ठरतो. मागाहून येणाऱ्या सामानाची यादी विमानतळावरच दाखवा. सामाजिक विमा क्रमांक काढायला पैसे लागत नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका. ऑन्टॅरिओ प्रांतात घरमालक डिपॉझिट म्हणून एका महिन्यापेक्षा जास्त भाडं मागू शकत नाही. कायदा आहे तसा.

२०२४ च्या फेब्रुवारीत ते टोरांटोला उतरले. ब्रॅम्प्टनमध्ये एका घराच्या तळघरात दोन खोल्या मिळाल्या. पहिले दोन आठवडे उत्साहाचे असतात, फोटो येतात, बर्फ येतो. तिसऱ्या आठवड्यात फोन येतो. मी त्या फोनची वाटच बघते. हिचा दुपारी आला, म्हणजे तिथली पहाट. मुलाला ताप होता, नवऱ्याच्या मुलाखती पहिल्याच फेरीत थांबत होत्या, कारण ‘कॅनेडियन अनुभव’ नाही, आणि खिडकी जमिनीच्या पातळीला असल्यामुळे तिला फक्त लोकांचे बूट दिसायचे. ‘ताई, आपण चूक केली का?’ तिने ‘आपण’ म्हटलं, ते मला लागलं. मी तिला माझा पहिला हिवाळा सांगितला. हेल्थ कार्ड आलंय का विचारलं. आलं होतं. ऑन्टॅरिओत पूर्वी तीन महिने थांबावं लागायचं, ती अट २०२० मध्ये निघाली. मग जवळचं वॉक-इन क्लिनिक शोधून दिलं. टोरांटोच्या मराठी मंडळाचा गुढीपाडव्याचा कार्यक्रम कळवला. तिथे तिला एक दंतवैद्यच भेटली, नागपूरची, सगळ्या परीक्षा पार केलेली. माझ्या शंभर फोनांनी झालं नसतं ते त्या एका ओळखीने झालं.

नवऱ्याला जूनमध्ये नोकरी लागली, पुण्यातल्या पदापेक्षा दोन पायऱ्या खालची. सप्टेंबरमध्ये मुलगा सरकारी शाळेच्या ज्युनिअर किंडरगार्टनला लागला. ती एका डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसते आणि अभ्यास करते. पहिली परीक्षा दुसऱ्या प्रयत्नात सुटली, पुढच्या बाकी आहेत.

आज हेच जोडपं माझ्याकडे आलं असतं तर मी त्यांना काय सांगितलं असतं, हा विचार मनात येतो. ४८२ वर आता सर्वसाधारण सोडतीतून काही होत नाही. कॅनडाने पीआरचं उद्दिष्ट खाली आणलं, २०२५ साठी ३,९५,०००. नोकरीच्या पत्राचे जादा गुण २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले, कारण त्या पत्रांची खुलेआम विक्री चालली होती. पुण्यातही पंचवीस-तीस लाखांत ‘जॉब ऑफर’ घेणारी माणसं मी पाहिली आहेत, शेत विकून. मार्ग उरलाय तो मुख्यतः ठरावीक क्षेत्रांच्या आणि फ्रेंच भाषकांच्या वेगळ्या सोडतींचा. २१ मार्च २०२५ ची फ्रेंच भाषकांची सोडत ३७९ वर आली होती. म्हणून हल्ली मी दहापैकी सहा जणांची फाइल घेतच नाही. काहींना सेनापती बापट रस्त्याजवळच्या आलियांस फ्रान्सेजचा पत्ता देते आणि दीड-दोन वर्षांनी या म्हणते, काहींना जाऊ नका म्हणते. उठून जाताना माणसं नाराज असतात. दोन चौक पुढे ‘शंभर टक्के खात्री’चा बोर्ड आहे आणि ते तिकडे जाणार हे मला कळत असतं. दारातून परत बोलावून मी एवढंच सांगते: कुणाकडेही जा, आधी त्याचा परवाना क्रमांक मागा आणि कॅनडातल्या सल्लागारांच्या नियामक संस्थेच्या, म्हणजे त्यांच्या ‘कॉलेज’च्या, नोंदवहीत स्वतः शोधा. माझाही शोधा. आणि अर्ज स्वतःचा स्वतः भरता येतो, सल्लागार सक्तीचा नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये काका आणि काकू आले. मुलाने सुपर व्हिसासाठी निमंत्रण पाठवलं होतं. या व्हिसावर आईवडिलांना एका वेळी पाच वर्षं राहता येतं. एक लाख डॉलरचा वैद्यकीय विमा लागतो आणि मुलाचं उत्पन्न ठरलेल्या रेषेच्या वर असावं लागतं. उत्पन्न थोडक्यात बसत होतं. काकू मुलासाठी केलेल्या लोणच्याचं काय करायचं ते विचारत होत्या. काका त्याच कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. मी चहा ठेवायला उठले, तर म्हणाले, ‘ताई, थांबा. आधी हे घ्या.’

बँकेच्या पासबुकातून त्यांनी घडी घातलेला एक कागद काढला. २०१३ मध्ये, निवृत्तीनंतर, ते धाकट्या भावाकडे अमेरिकेला जायला निघाले होते. मुंबईला जाऊन आले आणि घरी सांगितलं की गुडघे दुखतात, मीच बेत रद्द केला. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. बारा वर्षं त्यांनाही हे माहीत नव्हतं.

‘त्या दिवशी तुम्ही पोराला विचारलंत, तेव्हा मी इथेच बसलो होतो,’ काका म्हणाले. ‘तारीख वर आहे बघा. नीट लिहा.’

मी कागद सरळ केला आणि तारीख लिहून घेतली.